लाईट गेली की भांडण का होतं?

पत्र:

"आमचं घर परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. दीड वर्षापासून पोरगी सगळ्यांसोबत जेवायला बसेना झाली. आबा, म्हणजे माझे सासरे (वय ७४), भाकर खायला लागले की तिचं तोंड लाल होतं, मुठी आवळती आणि ताट सोडून गच्चीवर जाती. कधीकधी आबांसारखाच मचमच आवाज काढती, त्यामुळं आबांना वाटतं नात टिंगल करती. धाकट्यानं नाक ओढलं म्हणून परवा त्याच्या पाठीत तांब्या फेकून मारला. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, ऐकायला बरोबर येतं म्हणाले. ती दिवसभर कानात कापूस घालून असती. मालक म्हणतात लाड झालेत, सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. उन्हाळ्यात जरा बरं असतं, दिवाळीनंतर वाढतं आणि लाईट गेली की हमखास भांडण. आता आबांनी भाकर सोडली. दुधात कुस्करून खातात, तेही आतल्या खोलीत एकटे बसून. तिला जबरदस्तीनं बसवावं, का आम्ही सगळ्यांनी गप जेवावं? लेकराच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना?"

— एक आई

उत्तर:

ताई,

अर्धं उत्तर तुमच्याच एका ओळीत आहे: उन्हाळ्यात बरं असतं, दिवाळीनंतर वाढतं, लाईट गेली की भांडण. उन्हाळ्यात तुमच्याकडे कूलर घरघरत असणार, पंखा पाचवर असणार. त्या घरघरीत आबांच्या चावण्याचा आवाज बुडून जातो. थंडी पडली की कूलर झाकून ठेवतात, पंखा बंद होतो आणि रात्री आठला घर इतकं शांत होतं की भाकरीचा घास मोडलेलाही ऐकू यावा. लाईट गेली की हेच एका क्षणात घडतं. थंडीचा किंवा अंधाराचा यात काही दोष नाही. आजूबाजूचा आवाज थांबतो आणि तिला नको असलेला तेवढा एक आवाज उरतो.

या त्रासाला मिसोफोनिया म्हणतात. पत्र वाचून निदान पक्कं होत नाही, ते डॉक्टरांनीच करायचं, पण तुम्ही लिहिलेल्या खुणा फार बोलक्या आहेत. ठरावीक आवाजच छळतात: चावणं, भुरकणं, नाक ओढणं, पेनची कटकट. ते बहुधा जवळच्याच माणसांचे असतात. मनात भीतीऐवजी राग आणि किळस येते, तीही विचार करायच्या आत. स्वतःच्या चावण्याचा मात्र काही त्रास नसतो. सुरुवात बहुतेकांत दहा ते तेरा वर्षांच्या आसपास होते. आवाज किती मोठा आहे याला इथं फारसं महत्त्व नाही. तो कोणता आणि कोणाचा, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणूनच कानाची तपासणी बरोबर येते आणि घरचे म्हणतात, "मग नाटकंच आहेत."

घरच्या घरी एक गोष्ट बघा. कुकरची शिट्टी, मिक्सर, लग्नातला बँड, फटाके यांनी ती कान झाकते का? कानात दुखतं म्हणते का? तसं असेल तर तो वेगळा त्रास, हायपरअक्युसिस. त्यात कोणाचाही, कसलाही जरा मोठा आवाज टोचतो, आणि त्याची वाट कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जाते. दोन्ही त्रास एकत्रही असू शकतात. एकाच कानात सतत गुंजन, आवाजानं चक्कर, स्वतःची पावलं किंवा नाडी कानात ऐकू येणं, यातलं काही असेल तर थांबू नका, पुन्हा दाखवा. कुकरच्या शिट्टीला ती ढिम्म हलत नसेल आणि आबांच्या घासानं पेटत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तुमच्या मालकांना हे वाचायला द्या. मिसोफोनिया हे नाव २००१ मध्ये मार्गारेट आणि पावेल जास्त्रेबॉफ या कानाच्या अभ्यासकांनी दिलं. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं त्याची व्याख्या एकमतानं ठरवली. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांचे मेंदूचे स्कॅन काढले. नकोसा आवाज येताच मेंदूतला इन्सुला हा भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटलेला दिसला. कशाकडे लक्ष द्यायचं आणि शरीरात काय वाटतंय, हे जोडणारा तो भाग. सोबत हृदयाचे ठोके वाढले, तळहाताला घाम सुटला. घाम काही ठरवून आणता येत नाही. लाडाचा यात संबंध नाही. आणि "डोक्यात बिघाड" म्हणजे वेड, असं तुम्ही विचारत असाल, तर तेही नाही.

कुमार यांच्याच गटानं २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली, ती आबांना मोठ्यानं वाचून दाखवा. अशा माणसांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि तोंड-जबडा हलवणारा भाग यांचं नातं नेहमीपेक्षा घट्ट असतं. समोरच्याचा घास ऐकला की त्यांचा स्वतःचा जबडा जणू आपोआप हलायला बघतो. तोच आवाज आपण काढला की तो आवाज आपल्या ताब्यात आल्यासारखा वाटतो, जरा सुटल्यासारखं होतं. पुष्कळ जण असं करतात. म्हणजे नात मचमच करते ती आबांची टिंगल नाही. तिचं सोसणं चाललेलं असतं.

आता तुमचे दोन प्रश्न. जबरदस्तीनं बसवू नका. अंधाराला घाबरणाऱ्या लेकराला हळूहळू सवय लावता येते, कारण भीती वेळ गेला की ओसरते. इथं राग आणि किळस आहे. तिला धरून बसवलं तर रोज तोच आवाज, तोच संताप, शेवटी तेच पळणं, आणि "आबा म्हणजे छळ" ही गाठ घट्ट होत जाते. सगळ्यांनी गप जेवणंही नको. घर जितकं चिडीचूप, तितका छोटा आवाज मोठा. शिवाय पोरगी तो आवाज कधी येतोय याची वाटच बघत बसते, आणि बाकीच्यांना घास गिळायचा धाक.

करायचं ते याच्या उलट. जेवताना घरात एक सारखा, न तुटणारा आवाज भरून ठेवा. टेबल फॅन किंवा स्टँडचा पंखा घ्या, थंडी असेल तर त्याचं तोंड भिंतीकडे करा: वारा लागत नाही, घरघर मिळते. पंखा आबांच्या जवळ ठेवायची चूक बहुतेक घरांत होते. तो मुलीच्या बाजूला, तिच्यापासून तीन-चार फुटांवर हवा, कारण बुडवायचं आहे ते तिच्या कानाशी. ताटं मांडायच्या दहा मिनिटं आधी चालू करा. आबांनी पहिला घास घेतल्यावर खटका दाबलात तर तो आबांना टोमणा वाटेल आणि तिला इशारा. आवाज इतकाच की शेजारच्याशी नेहमीच्या सुरात बोलता यावं. मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपमध्ये साधारण ४५ ते ५० डेसिबल दिसलं तर पुरे. ही ॲपं अचूक नसतात, पण कालचा आणि आजचा आकडा ताडून बघायला चालतात. टीव्ही इथं उपयोगाचा नाही. त्यात बोलणाऱ्यांचे खंड पडतात आणि बरोबर त्या खंडात भुरका ऐकू येतो. लाईटचा भरवसा नसेल तर चार्जिंगचा छोटा पंखा आणून ठेवा, नाहीतर पावसाच्या आवाजाची फाईल मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्या.

मग बसायची जागा. गोल करून समोरासमोर बसू नका, पंगतीसारखं एका ओळीत बसा. आबा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, मध्ये तुम्ही आणि धाकटा. हलणारा जबडा नुसता दिसला तरी तिला तितकाच त्रास होत असण्याची शक्यता मोठी आहे. ओळीत तो दिसत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, पण शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब असलेल्या खोलीत तो आपटून परत येतो, त्यामुळं तेवढा फायदा मिळत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा ओसरीत जेवा. आतच बसायचं असेल तर ताटाखाली जाड सतरंजी अंथरा आणि आबांच्या समोरच्या भिंतीवर एक जुनी वाकळ लटकवा, बसल्यावर डोकं येतं त्या उंचीला, भिंतीपासून दोन बोटं सोडून. वाकळ भिंतीला चिकटली तर आवाज कमी पितो. स्टीलच्या ताटात वाटी सरकते तो करकर आवाजही छळतो. वाटीखाली कापडाची घडी ठेवा, नाहीतर सरळ पत्रावळीवर वाढा.

आबांना "आवाज न करता खा" असं कोणीच म्हणू नका. ७४ वर्षांच्या माणसाला ते जमणार नाही, आणि सुनेनं म्हणायचं तर ते आणखीच जड. पण आवाज का होतो, ते बघता येतं. आबांना कवळी आहे का, हे पत्रात नाही. असेल तर ती सैल झाली असू शकते. दात गेल्यावर हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, कवळी मात्र तीच राहते, मग चावताना ती उचलते आणि टक-टक वाजते. दातांच्या डॉक्टरांना सांगा, "रिलायनिंग करून द्या." कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर देऊन ती पुन्हा हिरडीला बसवतात. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात हे काम होतं, आणि तालुक्यातले बहुतेक दंतवैद्यही करतात. यात आबांचा स्वतःचा फायदा आहे: नीट चावता आलं की पोट बरं राहतं. सांगायचंही याच नावानं.

भुरक्याचं कारण तर साधं आहे. येसर आमटी उकळती वाढली की माणूस तोंडात हवा ओढूनच पिणार, म्हणजे ती निवते. आमटी पसरट ताटलीत पाच-सात मिनिटं आधी काढून ठेवा. कोमट झाली की भुरका आपोआप लहान होतो. बशीतल्या चहाचंही तसंच.

धाकट्याचं नाक ओढणं हा तर औषधानं बरा होणारा आजार असू शकतो. सर्दी वारंवार होत असेल, तो रात्री तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर नाक चोंदलेलं असू शकतं. चोंदलेल्या नाकानं तोंड मिटून चावता येत नाही, जेवताना श्वास कुठून घ्यायचा? त्याला ओरडायचं थांबवा आणि कानाच्याच डॉक्टरांना त्याचं नाक दाखवा. मात्र बहिणीला चिडवायला तो मुद्दाम नाक ओढत असेल, तर ते घरात चालणार नाही, हे बापानं एकदाच, स्पष्ट सांगावं.

पहिल्या आठवड्यात तिला पूर्ण जेवणभर बसवू नका. दहा मिनिटं बसू द्या, तीही शेवटच्या वरण-भाताला. भाताला आवाज कमी. दुसऱ्या आठवड्यात पंधरा, मग जमेल तसं. उठायचं झालं तर खूण ठरवा: तिनं वाटी पालथी घातली की कोणी "काय झालं?" विचारायचं नाही, हाक मारायची नाही, सुस्कारा टाकायचा नाही. पाच-दहा मिनिटांनी ती परत येईल आणि सगळ्यांसोबत बडीशेप खाईल, एवढं मात्र तिनं पाळायचं. परत येणं महत्त्वाचं आहे, नाहीतर गच्ची हेच तिचं घर होईल. एक युक्ती पुष्कळांना लागू पडते: आबांनी कडक भाकर मोडली की तिनंही त्याच वेळी काहीतरी कुरकुरीत तोंडात घालायचं, पापड, भाजलेले शेंगदाणे. आपल्या दातांचा आवाज हाडातून थेट कानात पोचतो, बाहेरचा त्याखाली दबतो.

राग चढताना काय करायचं, ते शांत वेळी सकाळी शिकवा, ताटावर नाही. जबडा सैल सोडायचा, दातांवर दात नको. तळपाय फरशीला टेकवायचे. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असं पाच वेळा. शून्य ते दहामध्ये राग किती, हे मनात मोजायचं. सहावर वाटी पालथी घालायची. नऊवर पोचल्यावर वाटी सुचत नाही, तांब्या सुचतो.

आणि तांब्याबद्दल. राग येणं तिच्या हातात नाही, पण हात उचलणं तिचं आहे. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी सांगा, एक सांगून दुसरी गाळू नका. दुसऱ्या दिवशी डोकं शांत असताना तिनं भावाला "माझं चुकलं" म्हणावं. आजार समजला म्हणून धाकट्यानं मार खाणं योग्य ठरत नाही.

कापसाचं काय करायचं, हा जरा नाजूक भाग आहे. साधा कापूस आवाज फार अडवत नाही, तरी पोरीला धीर देतो, म्हणून एकदम हिसकावू नका. पण दिवसभर कान बुजवून ठेवला की मेंदू आतला आवाज वाढवतो, रेडिओ बारीक लागला की आपण बटण फिरवतो तसा. २००३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी लोकांनी दोन आठवडे जवळजवळ अखंड इअरप्लग घातले. शेवटी त्यांना साधे आवाजही आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांनी तेवढे दिवस कानात मंद घरघर ऐकली, त्यांची सहनशक्ती वाढली. म्हणून जिथं नकोसे आवाज नसतात तिथून सुरुवात करा: आंघोळ, सकाळचा फेरफटका, एकटीनं अभ्यास. दर तीन-चार दिवसांनी कापसाचा एक तास कमी, त्या जागी खोलीत मंद पंखा किंवा पावसाचा आवाज. फोमचे इअरप्लग एसटीचा प्रवास, लग्नाचा मांडव अशा अडचणीच्या वेळेपुरते ठेवा. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून तीस सेकंद बोट दाबून ठेवायचं, मगच ते फुगून बसतात. मळले की टाकून द्या, नाहीतर कान पिकतो. इअरफोन लावायचे तर लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास आहे. आकडा मोजायला नको: हाताच्या अंतरावरून तुम्ही मारलेली हाक तिला ऐकू आली पाहिजे. कानात कोमट तेल किंवा लसणाचं तेल घालू नका, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

सासूबाईंना देवाला नेऊ द्या, त्यात काही अडचण नाही. धुरी, मार, उपास मात्र होऊ देऊ नका.

दोन आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: कोणता आवाज, कोणाचा, राग किती, आणि आदल्या रात्रीची झोप. झोप कमी, भूक जास्त, पाळीचे दिवस, परीक्षा, अशा वेळी तोच आवाज जास्त झोंबतो, हे तिलाच वहीत दिसेल. ही वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. नांदेड, लातूर, अंबाजोगाई आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, सगळीकडे कान-नाक-घसा आणि मनोविकार विभाग आहेत. मिसोफोनिया हे नाव सगळ्याच डॉक्टरांच्या कानावर आलेलं नसतं. नाव सांगत बसण्यापेक्षा "हे आवाज, ही माणसं, असा राग, ऐकण्याची तपासणी नॉर्मल" असं सांगा आणि वही पुढे करा. यासाठी म्हणून मंजूर झालेली गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर डॉक्टर त्याचं औषध देतील. उपयोग होतो तो सीबीटी या बोलण्याच्या उपचाराचा. आम्स्टरडॅमला ५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तो घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला, सगळ्यांचा नाही. जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ती एकटी जेवते म्हणजे पोटभर जेवते का, हे बघा. वजन उतरलं, शाळा सुटायला लागली किंवा "मला जगायचंच नाही" असं ती एकदा जरी म्हणाली, तर वही-बिही न बघता त्याच दिवशी दवाखाना.

शाळेत वर्गशिक्षकांना एवढंच सांगा: पंख्याखालचा, भिंतीकडचा पहिला बाक. मागे पेन वाजवणारे दिसत नाहीत आणि एका बाजूनं तरी शांतता राहते.

राहिले आबा. त्यांच्याशी तुम्ही नाही, तुमच्या मालकांनी बोलावं, सकाळी ओसरीत चहाच्या वेळी, जेवणाच्या नाही. "आबा, तुमचं खाणं चुकीचं नाही. तिच्या डोक्याला तो आवाज चटका देतो. तुम्ही आत जाऊन जेवता त्यानं तिला आणखी वाईट वाटतं." हे खरंही आहे. अशी पुष्कळ मुलं रात्री अंथरुणात याच गोष्टीनं रडत असतात, विचारून बघा. जेवण सोडून आजा-नातीची दुसरी वेळ ठरवा, जिथं तोंड चालत नाही: संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत चालणं, शेतावर चक्कर.

आणि आबांची भाकर आजच सुरू करा, दुधात कुस्करलेली नाही, तव्यावरची. आधी पंखा लावा, भिंतीकडे तोंड करून, मग ताटं मांडा. पहिल्या दिवशी ती चार मिनिटांत वाटी पालथी घालेल. घालू द्या, आणि बडीशेपेचा डबा उघडा ठेवा.